मदत हवी आहे : जुन्या स्वस्त भांडाराची बिलं टिकवायची कशी?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या जाणकारांना विनंती. शहरातलं एक सवलतीचं भांडार बंद होऊन बरीच वर्षं झाली. साडीपासून स्टोव्हच्या वातीपर्यंत सगळं तिथं एका छपराखाली, बाजारभावापेक्षा कमी दरात मिळायचं, म्हणून लोकांचा आजही त्याच्यावर जीव आहे. त्याची बिलं, पिशव्या, दराचे पुठ्ठे जमवणं चालू आहे.

तिथली पद्धत अशी: एका टेबलावर बिल लिहायचं, खिडकीवर पैसे भरून जांभळा शिक्का मारून घ्यायचा, मग तो दाखवून तिसरीकडे माल ताब्यात घ्यायचा. गिऱ्हाइकाच्या हाती कार्बनची पातळ प्रत राहायची. आता त्या प्रती घड्यांवर फाटल्यात. कुणी सेलोटेप लावलीय, तिचा चीक कागदात मुरून तपकिरी डाग पडलेत. टेप ओढली तर अक्षरांसकट पापुद्रा निघतो. टाचण्यांचा गंज वेगळाच.

६०० डीपीआयला स्कॅन आधी करून ठेवलेत. फाटलेल्या जागी जपानी टिश्यू (कागद सांधायला वापरतात तो पातळ, चिवट कागद) आणि गव्हाची पातळ खळ लावायची म्हटलं, तर ओल लागताच शिक्क्याची शाई पसरते. शिक्क्याजवळची घडी कशी जोडावी? असा टिश्यू बेळगाव किंवा कोल्हापुरात सुटा मिळतो का?

शेवटच्या काळातली बिलं थर्मल कागदाची, म्हणजे उष्णतेनं अक्षरं उमटणाऱ्या कागदाची आहेत. कुणाकडे असतील तर कृपा करून लॅमिनेशन करू नका, उष्णतेनं कागद काळा पडतो. पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटातही छपाई उडते. साध्या कागदी पाकिटात, अंधारात ठेवा आणि लगेच फोटो काढा.