होणाऱ्या नवऱ्याने पासवर्ड मागणे, याला काळजी म्हणावे का?

प्रश्न (मावशी, राजारामपुरी):
माझी भाची शिवाजी विद्यापीठात शिकते आणि नुकताच तिचा साखरपुडा झाला आहे. होणाऱ्या नवऱ्याने तिच्या इन्स्टाग्रामचा पासवर्ड मागून घेतला असून, मैत्रिणींबरोबर रंकाळ्यावर गेली तरी तिला लाइव्ह लोकेशन चालू ठेवावे लागते. परवा जेवताना तिने फोन उपडा ठेवला होता. तो थरथरला की तिचा घास हातातच राहत होता. घरातील वडीलधारी म्हणतात, मुलगा काळजीपोटी विचारतो. मला हे पटत नाही. याला छळ म्हणता येईल का?

उत्तर (वकील, शाहूपुरी):
ताई, तिने एखाद्या दिवशी लोकेशन देण्यास नकार दिला तर पुढे काय होते, हे आधी तिला विचारा. थोडी नाराजी दाखवून विषय सुटत असेल तर बोलून मार्ग निघेल; परंतु अबोला, लग्न मोडण्याची भाषा किंवा खासगी फोटो पसरवण्याची धमकी येत असेल, तर तो निःसंशय छळ आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल वा अन्य इलेक्ट्रॉनिक संपर्कावर पाळत ठेवणे हा पाठलागाचा गुन्हा असून, पहिल्यांदा दोषी ठरल्यास ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. साखरपुडा झाला म्हणून सूट मिळते, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. धमकीचे मेसेज पुसण्यापूर्वी तारीख आणि नंबर दिसेल असे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर किंवा कोणत्याही पोलीस ठाण्यात करता येते.

उत्तर (संगणक शिक्षिका, गडहिंग्लज):
व्हॉट्सअॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून पाहा. तिचे मेसेज दुसऱ्या कोणाच्या लॅपटॉपवर उघडत असतील तर तिथे कळेल. मात्र सर्व पासवर्ड एकाच दिवशी बदलू नका, कारण समोरच्याला ते लगेच लक्षात येते आणि त्याचा राग तिलाच सोसावा लागतो. त्या वेळी तिच्याजवळ कोण असेल, हे आधी ठरवा. बदलताना ईमेलचा पासवर्ड प्रथम बदला, अन्यथा बाकीचे त्यावरून पुन्हा उघडता येतात.
सवयींचे म्हणाल तर त्या घरापासूनच लागाव्यात. आमच्याकडे मुलगी रात्री एकटी परतताना १५ मिनिटांचे लोकेशन स्वतःहून पाठवते. ८ तासांचे कोणी मागत नाही, मीही नाही. मुलींचे फोन तपासणे आपणच योग्य मानले, तर उद्या दुसऱ्याने तपासलेले त्यांना वावगे वाटणार नाही.

मावशी, राजारामपुरी:
दोघांचेही मनापासून आभार. काल भाचीसोबत बसून ‘लिंक्ड डिव्हायसेस’ पाहिले, तर तिच्या ओळखीचा नसलेला एक संगणक यादीत होता. स्क्रीनशॉट घेतला आहे, पण तो अजून यादीतून काढलेला नाही. रविवारी तिच्या आईवडिलांना हे दाखवणार आहोत. बोलणार ती स्वतः, मी फक्त शेजारी बसणार आहे.