मदत हवी आहे: रात्री रानातून चालायला टॉर्च, ४००० केल्विन की ६५००?

सड्यावरचा
टॉर्च घ्यायची आहे. मॉडेल ठरलंय. त्यात उजेडाचे दोन रंग येतात, ४००० केल्विन (किंचित पिवळसर) आणि ६५०० केल्विन (निळसर पांढरा). किंमत सारखीच. रात्री रानातून चालायला कुठला बरा? भाऊ शनिवारी मुंबईहून येतोय, त्याला आजच सांगायचंय. व्हिडिओत सगळे भिंतीवर झोत मारून दाखवतात, त्यातून काही कळत नाही.

खाडीपल्याड
रान म्हणजे कुठलं? ट्रेक की रोजची वाट? पावसात चालायचं आहे का? हातात धरणार की डोक्याला बांधणार?

लुमेनप्रेमी
केल्विनमध्ये अडकू नका, लुमेन बघा, म्हणजे एकूण उजेड किती ते. माझी तीन हजार लुमेनची आहे, समोरचा डोंगर दिसतो.

सड्यावरचा
मला डोंगर नाही, पायाखालचं बघायचंय. रंग विचारलाय.

काजवेवेडी
दोन्ही नको, लाल दिवा घ्या. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या झोताने ते क्षणात जातं. मृगाच्या आधी काजवे बघायला जातो तेव्हा आम्ही लालच वापरतो, तोही जमिनीकडे.

खाडीपल्याड
काजव्यांसाठी बरोबर आहे, ताई. पण लाल उजेडात जांभा, पाचोळा आणि फुरसं साप, सगळं एकाच रंगाचं दिसतं. सड्यावर ते धोक्याचं.

खोऱ्यातला
बाबा, पयले गमबूट घे आणि हातात काठी. टॉर्च मगे बघ. आमचे आजे चूड पेटवन चलत, पण काठी आपटल्याबिगर पाय टाकीत नसत.

सड्यावरचा
राजापूर तालुका. शेवटची एसटी सड्यावर सोडते. तिथून कातळ, मग काजूची बाग, मग पऱ्ह्या (ओढा) ओलांडून वाडी. पावसातही रोजच. हातात धरायची. आता सांगा.

घाटरस्ता
मग ४०००च. पिवळा उजेड धुक्यातून आरपार जातो, उगाच नाही गाड्यांना पिवळे फॉगलॅम्प लावत.

खाडीपल्याड
आरपार वगैरे काही जात नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप मोठे असतात, ते सगळे रंग जवळजवळ सारखेच विखरतात. फॉगलॅम्पचा उपयोग होतो तो खाली बसवलेले असतात आणि झोत वरून कापलेला असतो म्हणून. टॉर्चही कमरेखाली धरावी. डोक्याला बांधली की पावसाचा प्रत्येक थेंब डोळ्यांसमोर चमकतो.

घाटरस्ता
आंबा घाटात रात्रीची गाडी मी चालवतो. पांढऱ्यात नुसती भिंत दिसते, पिवळ्यात रस्ता दिसतो. तुमचे थेंब तुमच्यापाशी ठेवा.

खाडीपल्याड
निळसर पांढरा डोळ्याला जास्त खुपतो, हे मलाही मान्य. कारण तेवढं वेगळं आहे.

दुरुस्तीवाला
भांडण बाजूला ठेवा. पेटीवर सीआरआय किती लिहिलाय ते बघा. रंग किती खरे दिसतात त्याचा तो आकडा, १०० पैकी. ६५०० वाल्या स्वस्त एलईडीत तो बहुधा ७० च्या आसपास असतो. त्यात तांबडं आणि तपकिरी मेल्यासारखं दिसतं आणि तुमच्या वाटेवर तर सगळं तेच आहे: जांभा, पाचोळा, फुरसं. फुरसं जेमतेम दीड-दोन फुटांचं, रंगच त्याचं लपणं. ४००० मध्ये ९० च्या वर सीआरआय मिळत असेल तर डोळे मिटून घ्या. लुमेन थोडे कमी भरतील, पण वाटेला दोन-तीनशे पुष्कळ झाले.

रानवाट
बिबट्याचं काय? आमच्याकडे कुत्रा नेला परवा. झोत लांब जाणारी हवी, डोळे चमकलेले आधी कळतात.

सड्यावरचा
बिबट्याचं विचारलं नाहीये. सीआरआय ४००० वर ९० आहे, ६५०० वर ७०. आणि टॉर्च बाबांसाठी आहे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं दिवाळीनंतर.

खाडीपल्याड
अहो, हे आधी सांगायचं! मोतीबिंदूच्या डोळ्यात प्रकाश आतच विखुरतो, कडक झोताने त्यांना जास्त दिपेल. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला निळं आणखी निळं दिसतं. ६५०० अजिबात नको. झोत पसरट आहे ना, तेही बघा. मधोमध प्रखर ठिपका असला की ओल्या कातळावरून तोच परत डोळ्यात येतो.

काजवेवेडी
बाबांसाठी म्हणताय तर ४०००च घ्या. माझा लालचा आग्रह मागे.

दुरुस्तीवाला
आणि बाबांना पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच वापरायला सांगा. टर्बोवर, म्हणजे सगळ्यात प्रखर पायरीवर, टॉर्च तापते आणि मिनिटा-दोन मिनिटांत उजेड आपोआप उतरतो, नेमका पऱ्ह्यात.

सड्यावरचा
भावाला ४००० सांगितली. पसरट झोताचीच आहे.

खोऱ्यातला
गमबूट आसत मां?

सड्यावरचा
आहेत. घालत नाहीत, पाय सटकतो म्हणतात.

खोऱ्यातला
तळवो झिजलो असतलो. भातशेतीचे नको, खोल खाचांचे बघ. एक नंबर मोठे घे आणि आत मोजे दी.