मदत हवी आहे: स्वरयंत्र काढल्यावर घरात पुन्हा माणसात कसं यायचं?

नमस्कार मंडळी. वय ५८, कोल्हापूर. चार महिन्यांपूर्वी कॅन्सरमुळे माझं स्वरयंत्र पूर्ण काढलं. आता श्वास गळ्यावरच्या छिद्रातून. जखम भरली, जेवण जातं. भेटायला येणारे म्हणतात, जिवावरचं शेपटावर निभावलं. खरंय ते. पण माझी तीस वर्षं मार्केट यार्डात, गुळाच्या सौद्यात बोली पुकारण्यात गेली.

चहा बशीत ओततो, सवयीनं ओठांचा चंबू करतो, पण फुंकर निघत नाही. हवा गळ्यातून जाते आणि तिथला रुमाल हलतो. नाकातून हवाच जात नाही, म्हणून वास नाही, तांबडा रस्सा नुसता तिखट लागतो. परवा रात्री रडलो. शेजारी झोपलेल्या बायकोला कळलंसुद्धा नाही, कारण रडण्यालाही आवाज नाही.

सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच. घरात मला विचारणं बंद झालंय. मी पाटीवर अर्धं लिहितो तोवर मुलगा ‘कळलं बाबा’ म्हणून निघतो. त्याला कळलेलं नसतं. भाचीच्या लग्नातला आहेरही माझ्याशिवाय ठरला. माया कमी नाही, सगळे जीव लावतात, पण मी घरात आता फक्त पेशंट आहे.

डॉक्टर म्हणतात, पुन्हा बोलता यावं म्हणून गळ्यात व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर गळ्याला लावायचं मशीन घ्या. मशीनचा एकसुरी आवाज ऐकला आणि मन मागं फिरलं. पाच वर्षांची नात घाबरली तर? यातून गेलेल्यांनी मन कसं तयार केलं? घरच्यांना कसं समजावलं?

प्रतिसाद (सांगली)

दादा, माझ्या मिस्टरांचं हेच ऑपरेशन झालंय. मीही त्यांची वाक्यं पुरी करायचे. एक दिवस त्यांनी पाटी भिंतीला उलटी टेकवली आणि दोन दिवस लिहिलंच नाही. तेव्हा डोळे उघडले. त्यांनी पाटी खाली ठेवल्याशिवाय कुणी बोलायचं नाही, हे तेव्हापासून ठरलंय. तुमची ही पोस्टच मुलाला वाचायला द्या.

व्हॉल्व्ह बसवल्यावर गळ्यावरच्या छिद्रावर बोट ठेवलं की फुप्फुसातली हवा अन्ननलिकेत वळते आणि तिथं आवाज तयार होतो. शब्द मात्र आपल्याच जीभ-ओठांनी घडतात. यांचा आवाज घोगरा आहे, पण ‘काय गं’ म्हणायची ढब तीच. नातीला आधी छिद्र दाखवा, आजोबा इथून श्वास घेतात म्हणून सांगा. लपवलं तर मुलं जास्त घाबरतात.

वासासाठी स्पीच थेरपिस्टनं शिकवलेलं: ओठ मिटून, जबडा आणि जीभ खाली ओढत जांभई दिल्यासारखं करायचं, पटापट. नाकात थोडी हवा ओढली जाते. सराव लागतो.

धागाकर्ता

ताई, दुपारपासून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून जांभईचा प्रकार करतोय. अजून काही नाही, सोडणार नाही. पोस्ट मुलाला पाठवली. वाचून तो गच्चीवर गेला, अजून खाली आलेला नाही. व्हॉल्व्ह रोज साफ करायला घरच्या माणसाला जमतं का? आणि मिस्टरांनी पहिला शब्द कुणाला ऐकवला?