कूस बदलली की आईला गरगरतं, सांगली-मिरजेत कुणाला दाखवू?

विश्रामबागवाली: आई ६२ची. पहाटे डाव्या कुशीवर वळली की घर फिरतं, अर्ध्या मिनिटात थांबतं पण मळमळ दुपारपर्यंत. एका ठिकाणी मानेचा एक्सरे काढून पट्टा दिला, गोळ्या चालू, फरक शून्य. एमआरआय करू का?

मिरजेचा फिजिओ: ताई हे बीपीपीव्ही वाटतंय, म्हणजे डोकं हललं की कानामुळे येणारी चक्कर. कानाच्या आत कॅल्शियमचे बारीक कण असतात ते सुटून बाजूच्या नळीत जातात, आणि गोळीने ते परत जागेवर जात नाहीत हो! कानाच्या डॉक्टरांना डिक्स-हॉलपाइक करायला सांगा, १९५२ची टेस्ट आहे, मान वळवून पटकन आडवं करतात आणि बुबुळं कशी थरथरतात ते बघतात. पॉझिटिव्ह आली तर एप्ली मॅन्युव्हर, म्हणजे डोकं ठराविक क्रमाने वळवून ते कण परत जागेवर आणतात. १९९२ला एप्लींनी पेपर छापला, नंतरच्या ट्रायल्समध्येही फायदा दिसलाय. एमआरआय लगेच नको.

कुपवाडकर: सासूबाईंचं सेम. एप्ली करताना पलंगाची कड घट्ट धरून बसल्या, ओकारी पण झाली, म्हणून सोबत कुणीतरी जाच.

मिरजेचा फिजिओ: आणि बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, हातपाय लुळा पडला तर मात्र थांबू नका, थेट इमर्जन्सी.

विश्रामबागवाली: डावीकडेच जास्त होतं हे सांगायचं ना?

मिरजेचा फिजिओ: हो, आवर्जून. त्यावरूनच कुठला कान ते कळायला मदत होते.