निबंध विस्कळीत होतो तो नेमका कुठे? शिकवणी घेणाऱ्यांनो, सांगा

पाचवी ते दहावीच्या मुलांकडून निबंध लिहून घेताना नेमकं काय करता? 'वाचन वाढवा' सोडून सांगा.

खडूफळा :
बहुतेक निबंध पहिलं वाक्य लिहितानाच बिघडतात. विषय 'पडक्या किल्ल्याचे मनोगत'. मूल लगेच 'एके दिवशी मी फिरायला गेलो, तेवढ्यात आवाज आला' असं सुरू करतं आणि निम्मा निबंध त्या आवाजापर्यंत पोहोचण्यातच संपतो. म्हणून पहिली पाच मिनिटं वाक्य लिहायचंच नाही. कच्च्या वहीत नुसते शब्द : दिंडी दरवाजा, पाण्याचं टाकं, ढासळलेला बुरूज, भिंतीवर कोरलेली नावं, वेफर्सची पाकिटं, गड झाडणारी पोरं. दहा-बारा जमले की विचारायचं, यातलं पूर्वीचं काय, आजचं काय आणि किल्ल्याचं मागणं काय? त्याप्रमाणे प्रत्येक शब्दापुढे १, २ किंवा ३ टाकायचा. ज्याला आकडा मिळत नाही तो खोडायचा. खोडताना मुलं भयंकर कुरकुरतात, पण शिवरायांचा अख्खा इतिहास इथेच कापला नाही तर तो दीड पान खातो.

दुसरा बाक :
+१. आत्मकथनात क्रियापदंही घसरतात. 'मी नदी बोलतेय' म्हणणारा मुलगा चौथ्या ओळीत 'डोंगरातून वाहत आलो' लिहून मोकळा होतो. समासात आधीच 'वाहते, आले, होते' लिहून ठेवायला लावा. त्याच समासात प्रत्येक परिच्छेदाला दोन शब्दांचं नावही द्यायचं. नावात 'आणि' घुसलं की तिथे दोन परिच्छेद आहेत.

ताईचा क्लास :
पहिल्या तपासणीत फक्त क्रम बघावा, ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू नये. नाहीतर मूल वेलांट्या सुधारून तोच गोंधळ सुवाच्य अक्षरात परत आणतं. आणि कृपा करून अख्खा निबंध पुन्हा लिहायला लावू नका! सगळ्यात कच्चा परिच्छेद तेवढा घ्या. मोठ्याने वाचताना जिथे दम लागतो तिथे पूर्णविराम. 'आणि मग'ची माळ बहुधा तिथेच सापडते.

सेमीवाले :
इंग्रजी माध्यमाच्या मुलांना मुद्दे इंग्रजीतच सुचतात. सुचू द्या. मग दोन मिनिटं मराठीत बोलायला लावून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐकून त्यांनाच उतरवू द्या, 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' गाळून. बोलण्यातला क्रम लिहिण्यातल्यापेक्षा बरेचदा सरळ असतो.

दहावी स्पेशल :
मंडळाच्या मराठी कुमारभारतीच्या पेपरात ८० गुणांना तीन तास आणि प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक यांपैकी एकाला ८ गुण. म्हणजे साधारण १८ मिनिटं : ४ मुद्द्यांना, १२ लिहायला, २ वाचून बघायला. हा प्रश्न पेपरात शेवटी येतो, वेळ संपत आलेला असतो, म्हणून समारोप एका ओळीत उरकला जातो. शेवटच्या परिच्छेदात काय येणार हे मुद्दे काढतानाच ठरवून ठेवावं.

खडूफळा :
@दहावी स्पेशल, पटलं. गाईडमधले निबंध पाठ करणाऱ्यांसाठी एक उपाय : त्यातल्याच एका निबंधाची झेरॉक्स काढून परिच्छेद कात्रीने सुटे करा, पट्ट्या पिसून मुलाला लावायला द्या. दोन पट्ट्यांची अदलाबदल करूनही काही बिघडत नसेल, तर त्या निबंधात क्रमच नाही, हे त्याला स्वतःलाच दिसतं. मग मधे कुठलं वाक्य टाकलं तर क्रम पक्का होईल, ते विचारा.