मंगळावर पुनर्वसन करायलेत म्हणे, तुम्ही जाल का?

मांजराकाठचा:
काल रात्री लाईट गेल्ती म्हणून गच्चीवर पडलो होतो, पोरगं मोबाईल बघत म्हणतंय पप्पा तो रॉकेटवाला इलॉन मस्क 2050 पर्यंत दहा लाख माणसं मंगळावर नेणार म्हणायलेत, आपण नाव द्यायचं का. हसलो, पण नंतर झोपच लागंना. माझं मत, जायला पाहिजे. 6.6 कोटी वर्षांखाली एक दगड पडला अन् डायनासोर गेले. आपण सोयाबीनमधी तूर कशाला घेतो, एक गेलं तर दुसरं हाताला लागावं म्हणूनच ना, मग अख्खी माणूसजात एकाच रानात पेरून बसायचं का? आपलं मंगळयान 2014 ला पोचलं, 450 कोटीत. बोला.

तूरडाळ_लातूर:
भाऊ, 2016 ला आपल्या लातूरला पाणी कुठून आणलं? मिरजेहून, रेल्वेनं, साडेतीनशे किलोमीटर. रात्री दोनला घागरी घेऊन उभे होतो आम्ही. मंगळ लई जवळ आला तरी साडेपाच कोटी किलोमीटर, अन् जायची चांगली वेळ 26 महिन्यांतून एकदा येते. तिथं मोटार जळाली तर पार्ट कवा येणार?

मांजराकाठचा:
पाणी न्यायचंच नाही हो, तिथं जमिनीखाली बर्फ आहे. आणि अंतराळ स्थानकात घाम, मूत धरून 98 टक्के पाणी परत पिण्यालायक करतात. आपण काय करतो, सगळं नदीत सोडतो. दुष्काळातल्या माणसाला तर हे आधी पटायला पाहिजे.

नववी_ब_च्या_मॅडम:
98 टक्के खरंय. पण ते सात-आठ जणांचं, वरून सारखं सामान येतं त्यांना. मंगळावर हवेतून ऑक्सिजन करायचं यंत्र नेलं होतं, मॉक्सी, 2021 ते 2023 मिळून त्यानं 122 ग्रॅम केला. एका माणसाला दिवसाला साधारण 840 ग्रॅम लागतो. यंत्र छोटं होतं, नुसतं होतंय का बघायला, म्हणून मी त्याला नाव ठेवत नाही. मला जास्त भीती वाटते ती ॲरिझोनातल्या बायोस्फिअर 2 ची. 1991 साली 8 जण काचेच्या बंद घरात शेतीसकट दोन वर्षांसाठी गेले. ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून 14 वर आला, बाहेरून सोडावा लागला. कारण काय, तर मातीतले जिवाणू ऑक्सिजन खायचे, त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साईड भिंतीचं सिमेंट शोषून घ्यायचं, म्हणजे झाडांकडून तो ऑक्सिजन परत मिळंनाच. सिमेंटचा विचार आधी कोणाच्या डोक्यात आला नव्हता, पृथ्वीवर असून! आणि मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे विषारी क्षार आहेत, धुतल्याशिवाय भाजीसुद्धा लावता येणार नाही.

सोयाबीन_भाव_किती:
तिथं हमीभाव भेटतो का तेवढं सांगा, लगेच निघतो 😀

किल्लारीकडचा:
भूकंप झाला तवा मी अकरा वर्षांचा होतो, 30 सप्टेंबर 1993, पहाटे. ते सांगत बसत नाही. पुनर्वसनाचं सांगतो. नवीन गाव मिळालं, सरळ रस्ते, आखीव प्लॉट, अन् घर किती मोठं ते जमिनीवर ठरलं, भूमिहीनाला 250 चौरस फूट, जास्त जमीनवाल्याला 750. म्हणजे गाव नवं अन् कोण मोठा कोण बारका ते जुनंच, उलट मोजून लिहून दिलं. जनावरं बांधायला जागा नाही, शेजार गेला. माणसं स्लॅबला भ्यायची, दारात पत्रा ठोकून त्याच्याखाली झोपायची, आमचे आजोबा तर शेवटपर्यंत. तेही जुनं गाव चालत जाता येईल एवढ्या अंतरावर होतं, आजी जाऊन दगडावर बसून यायची. मंगळावर 250 कोणाला अन् 750 कोणाला ते आधी सांगा.

बालाघाटी:
ह्याचं उत्तर मस्कनं देऊन ठेवलंय, 2020 मधी म्हणला होता, ज्याच्याकडं पैसे नाहीत त्याला कर्ज देऊ, तिथं कामं लई आहेत. हे आमच्या बीडच्या माणसाला समजून सांगायची गरज नाही, ह्याला उचल म्हणतात. दिवाळी झाली की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन कोयता ऊसतोडीला जातो, उचल फिटली नाही तर पुढच्या साली परत. पण आमचा माणूस लईच झालं तर रात्रीतून पळून तरी येतो. तिथं श्वास सुद्धा मुकादमाचा.

मांजराकाठचा:
बालाघाटी, हे मात्र लागलं. उत्तर नाही माझ्याकडं. किल्लारीकर दादा, राग नका मानू, पण त्या दगडमातीच्या भिंतीखाली परत जाऊन राहिला असता का?

तूरडाळ_लातूर:
तुघलकानं 1327 ला दिल्ली उचलून आपल्या दौलताबादला आणली होती, ती तरी परत नेता आली.

किल्लारीकडचा:
राग कशाचा. नसतो राहिलो. पण कमी पडझड झाली त्या गावांत जागेवरच भिंती पक्क्या करून दिल्या, ती माणसं आज आमच्यापेक्षा बरी दिसतात मला. तुमची तूर-सोयाबीनची गोष्ट पटते, फक्त आंतरपीक शेजारच्या तासात असतं हो.

नववी_ब_च्या_मॅडम:
आणि गुरुत्वाकर्षण 38 टक्के, त्यात वाढलेलं लेकरू अजून एकही नाही. पहिलं कोणाचं ठेवायचं? वर्गात विचारलं तर निम्म्या वर्गानं हात वर केला, हे पण सांगते.

मांजराकाठचा:
आमच्या पोराचा पण वरच असता. माझं मत अजून तेच आहे, नुसतं घाई कमी झाली.

किल्लारीकडचा:
आमच्या मोठ्याला विचारलं आत्ता. म्हणतो पुण्यात रूमचं डिपॉझिट भरताना नाकी नऊ आले, तिथलं किती असल.