अनुभव धागा : ‘जमणार नाही’ म्हणायला शिकणे आणि कपाटातली खेळणी

निमंत्रण

“तिला सांगा, ती करेल” असे घरीदारी ज्यांच्याबद्दल सर्रास बोलले जाते, त्यांच्यासाठी हा धागा आहे. गळ्यात पडलेले काम पहिल्यांदा कोणत्या शब्दांत नाकारले, आणि त्या ओढाताणीच्या काळात लहानपणीच्या एखाद्या खेळण्याचा आधार वाटला का, हे कृपया सविस्तर लिहावे. बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डी. डब्ल्यू. विनिकॉट यांनी १९५१ मध्ये वाचलेल्या निबंधात, आई जवळ नसताना तान्ह्या मुलाला धीर देणाऱ्या गोधडीच्या तुकड्याचा किंवा मऊ खेळण्याचा विचार केला होता. मोठेपणी ही गरज सरते, असे मला तरी वाटत नाही. उपदेश नकोत.

शिक्षिका, सातारा जिल्हा

मतदार यादीचे काम आदेशाने येते, त्यामुळे ते नाकारण्याचा प्रश्नच नसतो. परंतु स्नेहसंमेलनाचे सूत्रसंचालन, निवृत्त होणाऱ्यांची मानपत्रे आणि प्रत्येक कार्यक्रमाचे फलकलेखन ही कामे “मॅडम, तुमचं अक्षर किती सुरेख!” एवढ्या एका वाक्यावर वर्षानुवर्षे माझ्याकडे येत राहिली. मुलाची परीक्षा आहे असे म्हटले की “मग रविवारी करा” हे उत्तर ठरलेले असे, कारण आपण सबब सांगितली की समोरचा तिच्यावर तोडगा काढतो. म्हणून गेल्या वर्षी मी मुख्याध्यापकांना एवढेच म्हटले, “सर, या वेळी मानपत्र मला जमणार नाही,” आणि पुढे काहीही न बोलता उभी राहिले. ती शांतता फार अवघड होती. मग ते म्हणाले, “बरं, बघतो दुसरं कोणी.”

त्या रविवारी मी माळ्यावरची पितळी भातुकली काढली. शेगडी, पाटा-वरवंटा, बोटाच्या पेराएवढा झारा आणि ज्याची तोटी अजूनही खरोखर फिरते असा बंब, हे सगळे चिंच आणि मीठ लावून घासताना दुपार सरली. नाकारल्यानंतर जी अपराधी भावना दाटून येते, तिला हाताला दिलेले असे बिनकामाचे काम चांगले आवरते, असा माझा अनुभव आहे. (सुनेला वाटले, पाहुणे येणार आहेत.)

संगणक अभियंता, पुणे. मूळ गाव सावंतवाडी

परदेशातल्या सहकाऱ्यांच्या सोयीने ठेवलेल्या रात्रीच्या बैठकांना मी हल्ली आठवड्यातून दोनदाच बसतो आणि हे व्यवस्थापकांना तोंडी न सांगता लेखी कळवले, कारण समोरासमोर माझी मान आपोआप होकारार्थी हलते. आमच्या गावच्या चितार आळीत रंगवलेली लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. तिथलाच एक भोवरा माझ्या टेबलावर असतो. कोणी “जरा पाच मिनिटांचं काम आहे” म्हणाले की मी आधी त्याला जाळी गुंडाळायला घेतो. वेढे घट्ट बसेपर्यंत उत्तर देत नाही, आणि तेवढ्यात घाईचा होकार ओठांवरून मागे फिरतो.

गृहिणी, नागपूर

मला खेळण्यांचा काही उपयोग झाला नाही. माझी बाहुली माहेरी वहिनीने कधीच कोणाला तरी देऊन टाकली आणि त्याचे मला फारसे दुःखही नाही. सासूबाईंचे डायलिसिस आठवड्यातून तीनदा असते. दर वेळी नेणे-आणणे धरून सहा-सात तास जातात आणि वर घरचा स्वयंपाक असतोच. मोठ्या दिरांना मी सगळ्यांसमोर सांगितले, “भाऊजी, शनिवारी आईंना तुम्ही न्यायचं. मी त्या दिवशी येणार नाही.” महिनाभर अबोला होता. मग एका शनिवारी त्यांनी फोन करून फाइल कुठे ठेवली आहे ते विचारले. ती कुठल्या खणात आहे, एवढे मी सांगितले; सोबत मात्र गेले नाही.